दोन न जुळणारी माणसं आणि एक हळदीचा ट्रक

सांगलीच्या मार्केट यार्डातून निघालेला हळदीचा ट्रक रात्रीत गायब होतो, आणि एक शिस्तीचा फौजदार व एक तोंडाळ ड्रायव्हर मिळून तो शोधायला निघतात, ही तुमची पटकथा मन लावून वाचली. सोबत तुम्ही लिहिलंय की मित्रांसमोर वाचन केलं तेव्हा पहिला अर्धा तास सगळे पोट धरून हसले, मग एकेकाचा मोबाइल बाहेर निघाला, आणि मारामारीचे सीन तर तुम्हालाच बाहेरून आणून डकवल्यासारखे वाटले. तुमचा प्रश्न असा की न जुळणाऱ्या जोडीचे ॲक्शन-विनोदी सिनेमे नेमके कशावर उभे राहतात, आणि दोन नटांची केमिस्ट्री जमली की बाकीचं आपोआप जमतं हे खरं का.

खरं नाही. केमिस्ट्री हवीच, पण तिला पेटायला जी जागा लागते ती पटकथेत आधी तयार असावी लागते. तुमच्याकडं दोन मजेशीर माणसं आहेत, त्यांच्यात भांडण मात्र नाही. फौजदाराला कडक इस्त्री लागते, ड्रायव्हरच्या शर्टाला बटणं नाहीत. फौजदार बिनसाखरेचा चहा पितो, ड्रायव्हर बशीत ओतून फुरके मारतो. एकाला शांतता हवी, दुसरा गाणी लावतो. यातून कुरबूर होते. कुरबुरीवर माणूस अर्धा तास हसतो, आणि नंतर पुढचा विनोद कुठला येणार हे त्याला आधीच कळायला लागतं. तुमच्या वाचनात नेमकं तेच झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे: या दोघांचं भांडण स्वभावावरून नको, कामाच्या पद्धतीवरून हवं. दोघांना एकच गोष्ट हवी, ती मिळवायचे दोघांचे रस्ते वेगळे, आणि दोघंही बरोबर. यातलं ‘दोघंही बरोबर’ हे सगळ्यात अवघड, आणि बहुतेक पटकथा तिथंच ढिल्या पडतात.

तुमचंच उदाहरण घेतो. ट्रक शोधायचाय. फौजदाराचा विश्वास कागदावर आहे. माल यार्डातून निघाला म्हणजे वजनकाट्याची पावती असणार, ई-वे बिल असणार, टोलनाक्यावर फास्टॅगची नोंद असणार. कागद खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, हे त्याला नोकरीनं शिकवलंय. ड्रायव्हरचा विश्वास माणसांवर आहे. दहा टन माल भरलेली गाडी रात्रभर पळाली म्हणजे कुठंतरी कुणीतरी उतरून चहा प्यायला असणार, कुठल्यातरी पंक्चरवाल्यानं टायरची हवा बघितली असणार, आणि ती माणसं खाकी कपडे बघितले की तोंड उघडत नाहीत, हे त्याला रस्त्यानं शिकवलंय. आता दोघांना एकाच ढाब्यावर उभं करा. फौजदार वही काढून गाडीचा नंबर विचारतो. ढाबेवाला म्हणतो, “आमी न्हाई बगितली.” ड्रायव्हर फौजदाराला बाजूला घेऊन सांगतो, “सायेब, गाडी गेली का आसं इचारलं की कोनबी न्हाईच म्हन्तंय. रातीला उधारीवर कोन जेवलं ते इचारा. पैशाचं कुनी इसरत न्हाई.” तो विचारतो आणि नाव मिळतं. इथं ड्रायव्हर जिंकला. पण पुढच्याच सीनमध्ये ते नाव खोटं निघायला हवं, आणि टोलनाक्यावर त्या गाडीची नोंदच नाही या कोरड्या कागदी गोष्टीवरून फौजदारानं ओळखायला हवं की गाडी हमरस्त्यानं गेलेलीच नाही, विट्यावरून कोरेगावकडं आतल्या रस्त्यांनी गेली. आता फौजदार जिंकला. प्रत्येकाच्या पद्धतीनं अर्धी माहिती मिळते आणि काहीतरी नुकसानही होतं. हे नुकसान विसरू नका. ड्रायव्हरनं ओळख काढून माहिती मिळवली, तर ती ओळख फौजदाराच्या दंडुक्यामुळं तुटावी. फौजदारानं नियमानं चौकीला कळवलं, तर त्या कळवण्यातूनच चोरांना सुगावा लागावा. मग पुढच्या वेळी दोघं भांडतील तेव्हा प्रेक्षकाला दोघांचंही पटेल, आणि ज्या भांडणात दोन्ही बाजू पटतात त्यातला विनोद कितीही वेळा ऐकवला तरी जुना होत नाही.

आपल्या भागात कुस्त्यांची जोड लावतात तेव्हा वजन, ताकद, अनुभव पाहून बरोबरीची लावतात. एकतर्फी कुस्ती असली की मैदानातली माणसं फेटे झटकून उठतात. तुमच्या पटकथेत कुस्ती एकतर्फी आहे. फौजदार दर वेळी चुकतो, ड्रायव्हर दर वेळी बरोबर निघतो, आणि तुम्ही स्वतः ड्रायव्हरच्या बाजूनं आहात हे पानापानावर दिसतं. ड्रायव्हरची भाषा तुमची आहे, माणूस तुमच्या ओळखीचा आहे, म्हणून तो जिवंत उतरलाय. फौजदार मात्र फक्त हसवून घ्यायला ठेवलाय.

याची वाट आपल्याच मातीत सापडते. पठ्ठे बापूरावांचं गाव रेठरे हरणाक्ष, वाळवा तालुक्यातलं, म्हणजे तुमच्यापासून लांब नाही. तमाशात सरदार आणि सोंगाड्या यांची जी सवाल-जबाबी चालते ती नीट बघा. टाळ्या सोंगाड्याला पडतात, पण बोलणी तोलून धरतो तो सरदार. सरदार गंभीरपणे विचारतो, मनापासून रागावतो, स्वतःचा मान जपतो, म्हणून सोंगाड्यानं शब्द फिरवला की हशा फुटतो. सरदारच मिश्किल हसू लागला किंवा आपणही दोन कोट्या कराव्यात असं त्याला वाटलं, की दोघंही पडतात. चांगल्या फडात सरदाराचं काम अनुभवी माणसाला देतात ते यासाठी. तुमचा फौजदार हा सरदार आहे. त्याला एकही विनोद देऊ नका. त्याला कारणं द्या. तो इतका नियमाला का धरून आहे? पूर्वी एकदा नियम मोडला आणि कुणाचातरी जीव गेला, असं काही असू शकतं, आणि ते तुम्हाला पक्कं माहीत असलं पाहिजे, पडद्यावर सांगितलं नाही तरी.

आता दुसरी मोठी गाठ. प्रेक्षकांचं हसू आटतं त्याच सुमारास त्यांच्या मनात एक साधा प्रश्न आलेला असतो: एवढं पटत नाही तर हे दोघं वेगळे का होत नाहीत? तुमच्या पटकथेत याचं उत्तर ‘वरिष्ठांनी सांगितलं म्हणून’ एवढंच आहे. ते टिकत नाही. 1982 साली आलेल्या ‘48 अवर्स’मध्ये पोलीस एका कैद्याला तुरुंगातून फक्त 48 तासांसाठी बाहेर काढतो. सिनेमाच्या नावातच दोघांना एकत्र ठेवणारी बांधणीही आली आणि मुदतीचं घड्याळही आलं. 1988 चा ‘मिडनाइट रन’ बघा. पळालेल्या आरोपींना पकडून पैसे मिळवणारा एक माणूस एका हिशोबनिसाला न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला घेऊन निघतो. शुक्रवारच्या मध्यरात्रीपर्यंत पोचवला तर एक लाख डॉलर. विमानानं काही तासांचा प्रवास. पण हिशोबनीस विमानात बसल्यावर भीतीनं असा गोंधळ घालतो की दोघांना खाली उतरवतात, आणि मग रेल्वे, बस, गाड्या असा अख्खा देश पार करावा लागतो. पुढं कळतं की या माणसाला स्वतःला विमान चालवता येतं. एका खोट्यानं दोघांना बांधून ठेवलं, सिनेमाचा रस्ता तयार केला, आणि ते खोटं उघडं पडलं तो क्षण पुन्हा हशा देऊन गेला. एकाच धाग्यातून इतकं काम करून घ्यायला शिकावं लागतं.

तुमच्या गोष्टीत बांधणी तिथंच पडून आहे, तुम्ही ती वापरलेली नाही. ट्रक ड्रायव्हरचा स्वतःचा आहे, कर्जावर घेतलेला. ट्रक सापडला नाही तर हप्ते त्याच्याच डोक्यावर, आणि संशयितही तोच. फौजदाराला जड वाहन चालवता येत नाही, आणि आतल्या रस्त्यांनी जाणाऱ्या भरलेल्या गाडीचा वेग, तिचे थांबे, तिला न पेलणारी वळणं त्याला कळत नाहीत. फौजदार एकटा गेला तर ट्रक सापडणार नाही, ड्रायव्हर एकटा गेला तर तो पळाला असं ठरेल. त्यावर मुदत ठेवा. हळद रस्त्यावर किती दिवस राहील? दुसऱ्या व्यापाऱ्याच्या गोदामात जाऊन पॉलिश झाली, पोती बदलली, की ती कुणाची हे सांगता येणार नाही. म्हणजे तुमच्याकडं फार तर तीन रात्री आहेत. हे घड्याळ मालाच्या स्वभावातूनच निघालंय, वरून लावलेलं नाही, म्हणून प्रेक्षक ते मानेल.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बाहेरची बांधणी शेवटपर्यंत ठेवायची नाही. 1958 च्या ‘द डिफायंट वन्स’मध्ये दोन कैदी, एक गोरा आणि एक काळा, एका साखळीनं जखडलेले पळतात. वाटेतच ती साखळी तुटते. खरा सिनेमा तिथून पुढं आहे, कारण आता दोघांना सुटं होता येतं. तुमच्याकडंही मध्यंतराच्या आसपास ड्रायव्हर निर्दोष आहे हे सिद्ध होऊ द्या, फौजदाराला परत बोलावून घेऊ द्या. कायद्यानं आणि पैशानं दोघं मोकळे झाले की मग ते एकत्र राहतात का, आणि का राहतात, यात तुमचा उत्तरार्ध आहे.

आता मारामारी. हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, कारण आपल्याकडं पटकथेत ‘इथं फाइट’ असं लिहून लेखक हात झटकतो आणि फाइट मास्टर येऊन आठवड्यापूर्वी दुसऱ्या सिनेमात केलेलीच मारामारी लावून जातो. दोष मास्टरचा नाही, त्याला माणसं दिलेलीच नसतात. संवादात जो वाद चाललाय तोच वाद मारामारीत अंगानं चालला पाहिजे. फौजदार कसा लढेल? आधी स्वतःची ओळख सांगेल, इशारा देईल, समोरचा पडला की थांबेल, कारण पडलेल्याला मारायचं नाही हा त्याचा नियम. ड्रायव्हर कसा लढेल? त्याला लढायचंच नसतं, सुटायचं असतं. हाताला येईल ते वापरेल: ताडपत्री, दोरखंड, जॅक, टायर काढायची टॉमी. फौजदार इशारा देत असतानाच ड्रायव्हर त्याच्या मागून माणसाच्या अंगावर ताडपत्री फेकतो. फौजदार वळून त्याच्यावरच ओरडतो आणि त्या ओरडण्यात त्याला एक ठोसा बसतो. मारामारी आणि भांडण एकच झालं. 1998 च्या ‘रश अवर’मध्ये जॅकी चॅनचं अंग बोलतं आणि ख्रिस टकरची जीभ. प्रत्येक झटापटीत दोघं आपापलंच हत्यार वापरत राहतात, म्हणून डोळे मिटून नुसतं ऐकलं किंवा आवाज बंद करून नुसतं बघितलं तरी कोण कोणता हे कळतं.

आपल्याकडं गाड्या उडवायला पैसे नसतात, आणि मला ते बरंच वाटतं. कमी पैशात जागेचा विचार करावा लागतो. तुमच्या पाठलागाचा सीन महामार्गावर आहे, तो तिथून काढा. गाडी आतल्या रस्त्यांनी वाईला पोचली आहे. टोल चुकवून कोकणात उतरायचं तर पसरणी घाटानं पाचगणी, महाबळेश्वर आणि पुढं आंबेनळी घाटानं पोलादपूर. पसरणी घाटात भरलेला ट्रक वर चढतोय, आणि मागं या दोघांचा जुना, दम गेलेला टेम्पो. दोन्ही गाड्या चालण्याच्या वेगानं. हा पाठलाग हळू आहे म्हणूनच धमाल आहे. ड्रायव्हर म्हणतो, “सायेब, जरा उतरून चाला, वजन हुतंय.” फौजदार संतापून उतरतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण टेम्पोपेक्षा जोरात चालतोय. तो पळायला लागतो. घाटात पळत जाऊन ट्रकच्या केबिनचं दार ठोठावून तो आत बसलेल्या चोराला नियमाप्रमाणं गाडी बाजूला घ्यायला सांगतो. इथपर्यंत हशा. आणि त्याच सेकंदाला चोर गिअर सोडून पलीकडच्या दारानं उडी मारतो आणि ट्रक उलटा, खाली, टेम्पोच्या दिशेनं घरंगळायला लागतो. आता कुणी हसत नाही. ड्रायव्हर टेम्पोत आहे, मागं दरी आहे, आणि फौजदाराला ट्रकचा ब्रेक कुठं असतो हेसुद्धा माहीत नाही. ड्रायव्हर खालून ओरडून त्याला सांगतोय, आणि पहिल्यांदाच फौजदार उलट न बोलता ऐकतोय.

वाई, मेणवलीच्या लोकांना शूटिंगची सवय आहे. ‘स्वदेस’ आणि ‘दबंग’सारख्या मोठ्या हिंदी सिनेमांचं काम तिथं झालंय. पण घाटातला रस्ता फार वेळ बंद मिळत नाही, त्यामुळं हा सीन लिहितानाच दोन-तीन वळणांत बसवा. उलटा जाणारा ट्रक दाखवताना गाडी रिकामी, दोरानं बांधलेली, आणि चालवणारा माणूस खरा जाणकार हवा. नटाला केबिनमध्ये बसवून गाडी सोडून देण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. सीन कितीही जोरदार असला तरी युनिटमधल्या एका माणसाच्या हाताला लागावं इतकी त्याची किंमत नाही.

यावरून धोक्याच्या मुद्द्यावर येतो. विनोदी सिनेमा आहे म्हणून खलनायकही विनोदी करायचा, हा मोह तुम्हालाही पडलाय. तुमच्या टोळीचा म्होरक्या तोतरा आहे आणि त्याची माणसं एकमेकांवर आदळतात. मग यांना घाबरायचं कुणी? आणि घाबरलेल्या माणसाचा विनोदच जर आपला माल असेल तर भीती काढून टाकून कसं चालेल? 1987 च्या ‘लेथल वेपन’मध्ये एक पोलीस बायको गेल्यामुळं जगण्याला कंटाळलेला आहे, खरोखर मरायला टेकलेला, आणि दुसरा नुकताच पन्नाशीत आलाय, घरी बायको-पोरं आहेत, त्याला सुखरूप घरी जायचंय. त्यातला जवळजवळ प्रत्येक हशा या एका गोष्टीवर बसलाय की पहिल्याला मरणाची फिकीर नाही आणि दुसऱ्याला आहे. मरण काढून टाका, हशा जाईल. आपल्या मराठीतही त्याच 1987 साली महेश कोठारेंचा ‘दे दणादण’ आला. त्यात लक्ष्मीकांत बेर्डेंच्या हवालदाराला मारुतीच्या कृपेनं अचाट शक्ती मिळते, पण लाल रंग दिसला की ती जाते. शक्ती मिळणं गमतीचं आहे, खरं, पण जीव टांगणीला लागतो तो लाल रंगामुळं. आपल्या माणसाला काय करता येत नाही हे प्रेक्षकाला आधी कळलं पाहिजे, मग मारामारीत तो ते शोधत बसतो.

आणि मार लागला की दुसऱ्या दिवशी दुखलं पाहिजे. जॅकी चॅन ठोसा मारल्यावर स्वतःचा हात झटकतो, तोंड वाकडं करतो. तो एवढासा अभिनय पुढच्या सगळ्या मारामारीला खरेपणा देतो. तुमच्या फौजदाराच्या मनगटाला पहिल्या रात्री लागलं असेल तर तिसऱ्या रात्री त्याला पिस्तूल धरताना त्रास व्हावा.

गोदामातल्या मारामारीचं काय करायचं ते सांगतो, कारण तिथं तुमच्याकडं अशी वस्तू आहे जी इतर कुठल्या गावच्या लेखकाकडं नाही. हळद पॉलिश करायचे फिरते ड्रम, आणि हवेत सगळीकडं पिवळी धूळ. त्या धुळीत जो ज्याला हात लावेल त्याचा ठसा उमटणार. फौजदाराची इस्त्रीची खाकी पिवळी होत जाते, त्याच्या पाठीवर चोराचा पंजा, चोराच्या गालावर ड्रायव्हरची पाच बोटं. हशा आहे, पण इथंच थांबू नका. दुसऱ्या दिवशी यार्डात सौद्याच्या वेळी एका प्रतिष्ठित अडत्याच्या कानामागं पिवळा डाग दिसतो. हळदीच्या बाजारात पिवळा डाग कुणाच्याही अंगावर असू शकतो, हा फौजदाराचा आक्षेप अगदी बरोबर. ड्रायव्हर म्हणतो, “आवं, कामगाराचं हात पिवळं आस्त्यात, शेटजीचं कान न्हाईत.” तेही बरोबर. सुरुवातीला सांगितलेलं भांडण इथं पुन्हा उभं राहिलं, आणि मारामारीनं गोष्ट पुढं नेली. मारामारी झाल्यावर गोष्ट जिथं होती तिथंच असेल तर तो सीन कापायचा, मग त्यावर कितीही खर्च झालेला असो.

हा सीन चित्रित करताना बारीक पूड हवेत उडवायची तर उघडी ज्योत, ठिणगी, फटाक्याचा मसाला तिथं अजिबात नको. बंद जागेत हवेत तरंगणारी बारीक धूळ पेट घेऊ शकते. नटांच्या डोळ्यांत आणि छातीत ती जाते म्हणून टेक छोटे ठेवा, मधे दारं उघडा. आणि गणवेशाचे बरेच जोड लागतील, कारण एकदा पिवळी झालेली खाकी पुढच्या टेकला चालत नाही. निर्मात्याला हे आधी सांगा.

कॅमेऱ्याबद्दल थोडकं. जोडीचा विनोद दोघं एका चौकटीत असताना होतो. एकाचा क्लोज-अप, मग दुसऱ्याचा क्लोज-अप असं कापत गेलात तर टायमिंग एडिटरचं होतं, नटांचं राहत नाही. मार आणि त्यावरची दुसऱ्याची प्रतिक्रिया शक्यतो एकाच शॉटमध्ये ठेवा, कॅमेरा जरा मागं घ्या. आवाज जागेवरच घ्या. न पटणारी माणसं एकमेकांचं वाक्य तोडतात, एकावर एक बोलतात, आणि नंतर डबिंग केलं की तो गुंता सुटून वाक्यं रांगेत येतात. हशा पडेल तिथं पुढचं महत्त्वाचं वाक्य ठेवू नका, ते बुडेल. नाटकातल्या नटाला हे अंगवळणी असतं, आणि 1843 पासून नाटकं उभी राहणाऱ्या सांगलीत असे नट शोधायला फार हिंडावं लागणार नाही. तालमीत दोघांना एकमेकांची भूमिका वाचायला लावा. ज्याला समोरच्याचं म्हणणं पटायला लागलं तो नट पुढं चांगलं ऐकतो, आणि तुम्ही जिला केमिस्ट्री म्हणता ती बहुतांशी ऐकण्यात असते.

भाषेबद्दल माझा आग्रह आहे. ड्रायव्हर आपल्याकडचं बोलतो यावर हसू काढायचं नाही. सातारा-सांगलीकडची बोली म्हणजे अडाण्याची बोली, असं मराठी सिनेमानं बऱ्याचदा करून ठेवलंय, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. ड्रायव्हर हा तुमच्या गोष्टीतला सगळ्यात हुशार माणूस आहे आणि तो याच बोलीत विचार करतो. हसू त्याच्या मुद्द्याला यावं. फौजदार नागपूरकडचा किंवा मराठवाड्याचा केलात तर त्याचीही बोली तितकीच नीट, तितक्याच मानानं लिहा.

बायका तुमच्या पटकथेत फोनवरच आहेत. हळद निवडायला यार्डात बसणाऱ्या बायकांपैकी एक पुढं आणा. पोतं कुणाचं, माल कुठल्या शेतातला, हे हातात घेऊन सांगणारी. कागदानंही कळत नाही आणि ओळखीनंही कळत नाही ते तिला कळतं. या दोघांच्या भांडणाला तिसरी बाजू मिळेल, आणि दोघांनाही गप्प करू शकणारं एकतरी माणूस गोष्टीत हवंच.

राहिला शेवट. तुम्ही दोघांना पुलावर उभं करून एकमेकांची माफी मागायला लावलीय, ते सगळं काढा. त्याऐवजी हरिपूरला जा. हळद साठवायची जमिनीतली पेवं तिथली. पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नाही. आतली हवा कोंडलेली असते, ती आधी खेळू द्यावी लागते, नाहीतर उतरणारा माणूस गुदमरतो. चोरांनी त्या बाईला पेवात टाकून वर झाकण लावलंय असं धरा. आत्तापर्यंत नियम सांगणारा फौजदार थेट आत उडी मारायला निघतो, आणि आत्तापर्यंत नियमांना हसणारा ड्रायव्हर त्याला कमरेला धरून मागं ओढतो आणि ओरडतो की आधी दोर, आधी वारा, मग माणूस. दोघांनी एकमेकांची पद्धत घेतली आहे आणि दोघांपैकी कुणाच्याही लक्षात आलेलं नाही. प्रेक्षकाच्या मात्र येईल. तिथं हशाही येईल आणि श्वासही अडकेल. त्यानंतर मैत्रीबद्दल एक शब्दही लिहायची गरज नाही. ट्रक मिळाल्यावर परत येताना ते पुन्हा गाण्यावरून भांडू देत.

फेरलिखाण या पेवाच्या सीनपासून सुरू करा आणि तिथून मागं या. हा उलटा बदल पटायचा तर आधी कुठल्या सीनमध्ये कुणी काय गमावलं पाहिजे, ते तुमचं तुम्हालाच दिसायला लागेल. मग मारामारीचे सगळे सीन वेगळे काढा, त्यातली नावं आणि संवाद झाकून दुसऱ्या कुणालातरी नुसत्या हालचाली वाचायला द्या. कोण फौजदार आणि कोण ड्रायव्हर हे ज्या सीनमध्ये ओळखता आलं नाही, ते आधी दुरुस्त करा.